ऑर्किडची मुळं सडली आहेत, ऐन मे महिन्यात वाचवता येईल का? (अमळनेर)

निंबोळी:
नमस्कार मंडळी. जांभळ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड आहे, नणंदेनं पुण्याहून आणलेलं. फेब्रुवारीत फुलांनी लगडलं होतं. फुलं गळाली ते ठीक, पण आता खालची पानं लोंबायला लागलीत, पाणी घातलं तरी सुरकुत्या जात नाहीत. काल कुंडीतून उपसलं तर नारळाच्या सालीच्या आत नर्सरीचा छोटा प्लास्टिकचा पेला निघाला, त्यात मॉस (वाळवलेलं शेवाळ) ठासून भरलेलं. वरून कोरडं ठणठणीत, मध्ये गच्च ओलं. वासही येत होता.

बरीचशी मुळं तपकिरी, दाबली की साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वरची तीन-चार टणक आहेत. काही पिवळट आहेत पण दबत नाहीत, त्यांचं काय करू? मधला शेंडा हिरवा आणि घट्ट आहे. फुलांचा दांडा अजून तसाच आहे.

कोणी सांगतं मॉससकट पिशवीत बांधा, कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड ओता म्हणतं, कोणी दालचिनी. हे सगळं थंड गावात चालत असेल, इथे पारा ४३ वर आहे. सासूबाईंचा सल्ला सगळ्यात सोपा: "फेकी दे वं, मरी गयं ते."

काळी माती (धुळे):
सासूबाईंना थांबवा, ताई. शेंडा शाबूत आहे ना, मग झाडात जीव आहे. शेंडाच सडला असता तर काम अवघड होतं.

रंगावर जाऊ नका, बोटांनी ठरवा. मॉसच्या आत उजेड पोचत नाही म्हणून मुळं पिवळट पडतात, टणक असतील तर ती चांगलीच. आधी थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवा. मुळांवरचा पांढरा थर पाणी पितो आणि चांगलं मूळ हिरवट दिसतं. मग मऊ आणि पोकळ तेवढी कापा. कात्री दर वेळी ज्योतीवर धरा, नाहीतर सड एका मुळाची दुसऱ्याला लागते. फुलांचा दांडाही छाटा, झाडाची ताकद तिकडे कशाला घालवायची?

पेरॉक्साइड नको, त्यानं उरलेली चांगली मुळंही भाजतात. दालचिनी पानाच्या जखमेवर चालते, मुळांना लावली तर ती सुकतात. बुरशीनाशकात बुडवायचं असेल तर 'साफ' नावाची पावडर, लिटरला २ ग्रॅम, दहा-पंधरा मिनिटं. मग सावलीत उघडं ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत काप दोन-चार तासांतच सुकतात.

निंबोळी:
धन्यवाद दादा! पण पिशवीचं काय? पानं इतकी मलूल झालीत की पाणी जास्त द्यावंसं वाटतं. आणि पाणी आमचं बोअरचं, खारवट.

केळीचं पान (रावेर):
पाणी वाढवू नकोस गं. प्यायला मुळंच नाहीत, म्हणून पानं सुरकुतली. ओलावा हवेत हवा, बुडाशी नको.

बंद पिशवी मे महिन्यात नको, आत झाड उकडून निघेल. मी जुना फुटक्या तोंडाचा माठ वापरते. तळाशी ओली वाळू, त्यावर पालथी वाटी, वाटीवर झाड जाळीच्या कुंडीत. माठ पाझरतो, आत गारवा राहतो. तो कूलरच्या खोलीत ठेव, पण झोताच्या समोर नाही, सरळ वाऱ्यानं पानं वाळतात. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कधीही घालू नकोस. पाणी उडतं, क्षार खाली साठतात. बोअरचंही टाळ, आरओचं दे. पाऊस लागला की पागोळीखाली बादली लावायची.

काळी माती (धुळे):
माठाची युक्ती झकास! भरायला लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि भिजवलेली नारळाची साल, माती अजिबात नको. ऑर्किड मुळात झाडावर राहणारं. सातपुड्यात आंब्याच्या खोडावर वांडा, म्हणजे रानातलं ऑर्किड, बघितलीये का? मुळं उघडी लोंबतात, पाऊस येतो, वारा सुकवतो, तिचं काही बिघडत नाही.

केळीचं पान (रावेर):
खत मात्र लगेच नको. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की बुडाशी हिरव्या टोकाची नवी मुळं फुटतील, ती बोटभर होऊ दे, मग अगदी पातळ खत. खालचं एखादं पान पिवळं पडून गळलं तर घाबरू नकोस, झाड त्यातलंच पाणी वापरतं. फुलांची वाट इतक्यात बघू नकोस. थंडीत रात्री घरात घे, आपल्याकडे पारा १० पर्यंत उतरतो, फॅलेनॉप्सिसला १५ च्या खाली सोसत नाही.

निंबोळी:
माठ आहे, कोळसाही आहे. साफचा पुडा शेतासाठी आणलेला पडून आहे. २ ग्रॅम कसं मोजू, चहाच्या चमच्यानं चालेल?

काळी माती (धुळे):
चमच्याचा अंदाज नको, सोनाराच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा मिळतो तो वापरा. हातमोजे घाला, भांडं वेगळं ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. मुळं कापल्यावर फोटो टाका, त्या पिवळट मुळांचं तेव्हा बघू.