रोजच्या फेऱ्यांसाठी वापरलेली स्पोर्ट कूपे

विषय: रोजच्या फेऱ्यांसाठी वापरलेली स्पोर्ट कूपे – सल्ला हवा आहे

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेली नऊ वर्षे चालवलेली माझी सेडान आता बदलण्याची वेळ आली आहे आणि तिच्या जागी वापरलेली स्पोर्ट कूपे, म्हणजे बहुधा दोन दारांची हौसेची गाडी, घ्यावी असे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. घरात दुसरी गाडी ठेवणे शक्य नसल्याने हीच गाडी रोज चालवावी लागेल. कामाला जाण्यायेण्याचा रस्ता एका बाजूने सुमारे ३५ किलोमीटर असून त्यातला अर्धा गर्दीचा आणि अर्धा मोकळा आहे. आठवड्यातून दोनतीनदा माझी सात वर्षांची मुलगी मागच्या सीटवर असते. हाताने गिअर टाकायची मला सवय आहे आणि आवडही आहे.

आतापर्यंत मी चार गाड्यांचा विचार केला आहे: टोयोटा जीटी८६ किंवा तिचीच जुळी बहीण सुबारू बीआरझेड, बीएमडब्ल्यू २ सीरीज कूपे, माझदा आरएक्स-८ आणि निसान ३७०झेड. तेवढ्याच पैशांत एकतर कमी ताकदीची पण अलीकडची गाडी मिळते, नाहीतर जास्त ताकदीची पण जुनी मिळते. यांतले काय पत्करावे आणि प्रत्यक्ष गाडी पाहताना कशावर नजर ठेवावी, हे अनुभवी सभासदांनी सांगावे अशी विनंती आहे.

आपला,
एक सभासद

———

विषय: उत्तर: रोजच्या फेऱ्यांसाठी वापरलेली स्पोर्ट कूपे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटचा प्रश्न मी आधी घेतो. अलीकडची की ताकदीची, असे तुम्ही विचारता. परंतु जी गाडी सोमवारी सकाळी सुरू झालीच पाहिजे, तिच्या बाबतीत वय आणि अश्वशक्ती या दोहोंपेक्षा आधीच्या मालकाने तिला कसे वागवले, हे अधिक मोलाचे ठरते. सेडान बहुधा कामासाठी घेतलेली असते आणि कूपे हौसेसाठी. त्या हौसेचा खर्च पुष्कळदा पुढच्या मालकाच्या वाट्याला येतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: चार मॉडेलांतून एक निवडून मग त्याची गाडी शोधू नका. दोन मॉडेले पक्की करा आणि त्यांतली जिची सर्व्हिसची नोंद अखंड असेल व जिच्यात कारखान्यातून आल्यानंतर कोणी हात घातलेला नसेल, ती घ्या.

३७०झेड यादीतून काढावी लागेल, कारण तिला दोनच आसने आहेत. तिचे ३.७ लिटरचे व्ही६ इंजिन उत्तम आहे, परंतु मुलीला बसवायचे असताना त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

आरएक्स-८ बद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण ती गाडी मला मनापासून आवडते आणि तरीही ती तुम्ही घेऊ नये असे मला वाटते. तिच्यात पिस्टनऐवजी दोन रोटर आहेत. त्रिकोणी रोटरच्या प्रत्येक टोकाला असलेल्या पट्ट्या, ज्यांना अपेक्स सील म्हणतात, त्याच दाब धरून ठेवतात. त्यांना वंगण मिळावे म्हणून इंजिन स्वतःच थोडे तेल आत सोडते आणि ते जळून जाते. म्हणजे तेल कमी होणे हा त्या इंजिनाचा स्वभावच आहे आणि दर काही दिवसांनी पातळी पाहणे हे मालकाचे काम आहे. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात बंद केले, उदाहरणार्थ गाडी फक्त दारातून बाजूला घेतली, तर आत पेट्रोल साचते आणि पुढच्या वेळी ती सुरू होण्यास त्रास देते. सील झिजल्याची खूण बहुधा गरम इंजिन पुन्हा सुरू करताना दिसते. दाब मोजायचा तर रोटरी इंजिनासाठीचे वेगळे यंत्र लागते, कारण प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. शिवाय तिचे उत्पादन २०१२ मध्ये थांबले, त्यामुळे आज मिळणारी प्रत्येक गाडी जुनीच आहे. घरात दुसरी गाडी असती तर मी तुम्हाला अडवले नसते.

आता जीटी८६ आणि बीआरझेड. २०१२ साली आलेल्या या जोडीत २.० लिटरचे, टर्बो नसलेले, पिस्टन आडवे समोरासमोर असलेले बॉक्सर इंजिन आहे. ताकद सुमारे २०० अश्वशक्ती आणि वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. कागदावर हे आकडे मोठे नाहीत, परंतु वजन कमी आणि इंजिन खाली बसवलेले असल्यामुळे साध्या वळणावर, साध्या वेगातही या गाडीत आनंद मिळतो. रोजच्या रस्त्यावर आपल्याला हाच वेग मिळतो, म्हणून मी तिला वरचे स्थान देतो. तिचा दोषही सांगतो: इंजिनाच्या मिनिटाला साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान जोर खाली बसल्यासारखा वाटतो, आणि मोकळ्या रस्त्यावर पुढच्या गाडीला ओलांडताना एक गिअर खाली घ्यावा लागतो. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत इंजिन २.४ लिटरचे झाले आणि ही उणीव बरीच भरून निघाली. पहिल्या पिढीतील सुरुवातीच्या गाड्यांतील व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटण्याची शक्यता असल्यामुळे २०१८ मध्ये रिकॉल झाला होता, म्हणजे कंपनीने त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, आणि त्या कामासाठी इंजिन बाहेर काढावे लागते. तेव्हा तशी गाडी पाहत असाल तर चासी क्रमांकावरून ते काम झाले आहे का, कोणी केले आणि त्यानंतर गाडी किती चालली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२०१४ साली आलेली २ सीरीज कूपे ही तुमच्या यादीतील सर्वांत सोयीची गाडी आहे. मागे माणूस खरोखर बसू शकतो, डिकी उपयोगाची आहे आणि टर्बोमुळे गर्दीत कमी फेऱ्यांवरही जोर मिळतो. मात्र सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या गाड्यांतील एन२० इंजिनात टायमिंग चेनच्या (इंजिनातील व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या साखळीच्या) प्लास्टिकच्या पट्ट्या झिजतात, हे मेकॅनिक मंडळींना चांगले ठाऊक आहे. चेन तुटली तर इंजिनच हातचे जाऊ शकते. त्याच्या जागी नंतर बी४८ इंजिन आले. माझ्या मते या मॉडेलमध्ये तेच शोधावे. वॉरंटी संपलेल्या या गाडीच्या सुट्या भागांसाठी दरवर्षी वेगळी रक्कम बाजूला ठेवण्याची तयारी असेल, तरच तिच्याकडे वळा.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवण्यास आधीच सांगा आणि पोहोचल्यावर बॉनेटखाली हात नेऊन उष्णता जाणवते का ते पाहा. सुरू होतानाचा धूर आणि खडखड थंड इंजिनातच कळते. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चाकांच्या कमानीच्या आत रबराचे बारीक गोळे चिकटलेले असतील किंवा टायर फक्त आतल्या बाजूने झिजला असेल, तर गाडी शर्यतीच्या मार्गावर फिरली असावी किंवा तिची उंची कमी केलेली असावी. क्लच पाहण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटरचे पेडल पूर्ण दाबा. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या आणि गाडीचा वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणारे छोटे यंत्र, स्वस्त असतो, तो सोबत ठेवा. नुसता दोष दिसत नाही म्हणून समाधान मानू नका. गाडीचा संगणक चालता चालता स्वतःच करतो त्या तपासण्या पूर्ण झालेल्या दिसतात का ते स्कॅनरवर पाहा, कारण आदल्या दिवशी दोष पुसले असतील तर त्या अपुऱ्या दिसतात.

आपला स्नेहांकित,
एक ज्येष्ठ सभासद

———

विषय: उत्तर: रोजच्या फेऱ्यांसाठी वापरलेली स्पोर्ट कूपे

सर्वांना नमस्कार.

काकांनी इंजिनाबद्दल इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. परंतु मी स्वतः पाच वर्षे कूपे रोज चालवली आणि मुलाला मागे बसवून शाळेत नेले, म्हणून त्या बाजूने काही लिहिते.

दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते. शेजारी गाडी खेटून उभी असली की ते अर्धेच उघडते, आणि मुलाला पुढची सीट सरकवून, वाकून आत बसवताना आपली पाठ आणि त्याचे डोके दोन्ही सांभाळावी लागतात. सात वर्षांची मुलगी स्वतः आत चढेल, परंतु बूस्टर सीटवर बसल्यावर बेल्टचे कुलूप तिच्या हाताला सापडते का, आणि उतरत्या मागच्या काचेला तिचे डोके टेकत नाही ना, हे विकत घेण्याआधीच पाहायला हवे. तेव्हा भाऊ, गाडी पाहायला जाताना मुलीला आणि तिच्या सीटला सोबत न्या. मी तसे केले नव्हते आणि पहिल्याच आठवड्यात मला त्याचा पश्चात्ताप झाला. तुमची बसण्याची जागा ठरली की तुमच्या मागे कोणी बसूच शकत नाही असे बहुतेक लहान कूपेंमध्ये होते; मुलगी नेहमी दुसऱ्या बाजूला बसेल हे धरून चाला.

दुसरी गोष्ट टायरची. पुष्कळ स्पोर्ट गाड्यांचे मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात, त्यामुळे ते पुढेमागे बदलता येत नाहीत आणि मागची जोडी लवकर संपते. जीटी८६ च्या मूळ टायरांचे माप चारही चाकांना एकच, २१५/४५ आर१७ आहे, आणि हा तिच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. उन्हाळी टायरची पकड साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कमी होऊ लागते. तुमच्याकडे थंडी पडत असेल तर हिवाळी टायरचा दुसरा संच खर्चात धरा. मागच्या चाकांना जोर असलेल्या हलक्या गाडीला त्याशिवाय बर्फावर नेऊ नये.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. कडक सस्पेन्शन वीस मिनिटांच्या चाचणीत छान वाटते आणि दिवसभराच्या कामानंतर खराब रस्त्यावर तेच नकोसे होते. शक्य असेल तर तुमच्याच रोजच्या रस्त्यावर, संध्याकाळच्या गर्दीत, गाडी चालवून पाहा.

आपली,
एक सभासद

———

विषय: उत्तर: रोजच्या फेऱ्यांसाठी वापरलेली स्पोर्ट कूपे

आदरणीय काका आणि ताई, नमस्कार.

आपण दोघांनी वेळ काढून लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. या आठवड्यात मी मुलीला घेऊन दोन गाड्या पाहून आलो.

पहिली दिसायला नव्यासारखी होती. थंड ठेवा असे आदल्या रात्री सांगूनही मी पोहोचलो तेव्हा इंजिन चांगले गरम होते. पुढचे टायर नवे, मागचे सहा वर्षांचे आणि आतल्या बाजूने झिजलेले होते, जरी गाडीची उंची तेव्हा मूळचीच दिसत होती. स्कॅनरवर दोष एकही नव्हता, परंतु आठपैकी पाच तपासण्या अपुऱ्या होत्या. गेल्याच आठवड्यात बॅटरी बदलली म्हणून तसे दिसते, असे विकणाऱ्याने सांगितले. हे खरे असू शकते का?

दुसऱ्या गाडीच्या उजव्या दारावर लांब ओरखडा होता आणि मागची एक रिम घासलेली होती. परंतु तिच्या मालकाने पहिल्या दिवसापासूनच्या सर्व पावत्या तारखेनुसार लावून ठेवल्या आहेत. त्यांत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलल्याचीही नोंद आहे. इंजिन थंड होते आणि तपासण्या सर्व पूर्ण होत्या. पहिल्या एकदोन किलोमीटरमध्ये दुसरा गिअर जड जात होता, नंतर मोकळा झाला. मुलगी स्वतः बसली आणि बेल्टही तिने स्वतःच लावला. मनाने मी या गाडीकडे झुकलो आहे, परंतु गिअरची शंका राहते.

आपला,
प्रश्न विचारणारा सभासद

———

विषय: उत्तर: रोजच्या फेऱ्यांसाठी वापरलेली स्पोर्ट कूपे

सप्रेम नमस्कार.

बॅटरी काढली की तपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे विकणाऱ्याचे म्हणणे खोटे ठरवता येत नाही. परंतु आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवली असती तर त्यांतल्या बहुतेक पूर्ण व्हायला हव्या होत्या. गरम इंजिन आणि आतून झिजलेले टायर त्यासोबत पाहिले, तर ती गाडी सोडून द्यावी असेच मी म्हणेन. उंची कमी करून नंतर मूळचे स्प्रिंग परत बसवलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसऱ्या गाडीचा ओरखडा हा पैशांनी भरून निघणारा दोष आहे. हाताने गिअर टाकण्याच्या पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्समधले तेल थंड असताना दुसरा गिअर जड जातो, त्याची चिंता नको. इंजिन पूर्ण तापल्यावर, जरा वरच्या फेऱ्यांवरून पहिल्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यातून पुन्हा दुसऱ्यात गिअर टाकून पाहा. तेव्हाही करकर आली तर सिंक्रो (गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणारी कडी) झिजले आहे आणि गिअरबॉक्स उघडावा लागेल. आली नाही तर तेल बदलून पुढे चला.

बयाणा देण्यापूर्वी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर उचलून घ्या. डिफरन्शियलच्या (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या) सीलभोवती तेल झिरपले आहे का, खालच्या पत्र्याला वेल्डिंग केले आहे का आणि ब्रेक डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा किती जास्त आहे, हे त्याला लिहून द्यायला सांगा. विम्याचा आकडाही त्याच दिवशी चासी क्रमांक देऊन विचारून घ्या, कारण कूपेचा हप्ता सेडानपेक्षा बराच वेगळा निघू शकतो. लिफ्टवर काय दिसले ते इथे कळवा. मी वाट पाहतो.

आपला स्नेहांकित,
एक ज्येष्ठ सभासद