विषय: टाहो, जानेवारी – चपट्या टायरची गाडी आणि चेनचा घोळ

प्रेषक: फ्रीमाँटकर

नमस्कार मंडळी,

संक्रांतीचा कार्यक्रम आटोपला की मार्टिन ल्यूथर किंगच्या लाँग वीकेंडला आम्ही टाहोजवळच्या ट्रकीला जायचं ठरवलंय. सांगलीहून आई-बाबा आलेत, त्यांना बर्फ बघायचाय. बाबांची माकडटोपी आत्ताच बॅगेतून बाहेर आली आहे.

अडचण गाडीची आहे. सेकंडहँड घेतलेली जर्मन हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, टायर २२५/४० आर १८. रिम मोठी, रबराची नुसती किनार. इथे ८८० हायवेवर मस्त पळते, पण डोंगरात कधी नेलेली नाही. बर्फात टायरला गुंडाळायची चेन आणायला गेलो तर काउंटरवरच्या मुलाने साइज विचारली आणि कपाटातून एक डबा काढून दिला. गाडी कोणती, हे विचारलंही नाही. डब्यावर माझी साइज छापलेली आहे, तरी मन खात नाही असं नाही. कोणी अशा टायरवर चेन लावून गेलंय का?

---

प्रेषक: सॅन होजेवाला

अरे, एवढा विचार कशाला? लाँग वीकेंडला अर्धा बे एरिया तिकडेच असतो. सरळ एक फोर व्हील ड्राइव्ह एसयूव्ही भाड्याने घे. चेनची भानगड नाही, आई-बाबांनाही ऐसपैस.

---

प्रेषक: रॉकलिनचा दादा

मंडळी, जरा थांबा.

आधी एसयूव्हीचं. ट्रकीला जाणाऱ्या आय-८० हायवेवर कॅलट्रान्स, म्हणजे राज्याचं रस्तेखातं, बर्फात तीन पायऱ्या लावतं. आर-१ मध्ये टू व्हील ड्राइव्ह गाडीला चेन नाहीतर ओढणाऱ्या चाकांवर स्नो टायर लागतात, आणि स्नो टायर असले तरी चेन गाडीत हवी. आर-२ मध्ये फक्त चारही चाकांवर स्नो टायर असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांना चेन न लावता सोडतात. पण ‘न लावता’ म्हणजे ‘न बाळगता’ नव्हे, चेन डिकीत असलीच पाहिजे. आर-३ म्हणजे सगळ्यांना चेन, कोणालाही सूट नाही; तिथवर वेळ येण्याआधी बहुधा रस्ताच बंद करतात. आता भाड्याच्या गाडीचा करारनामा काढून वाचा. चेन लावायची नाही, असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं. मग चेन तपासायच्या नाक्यावर उभं राहून करणार काय?

आता फ्रीमाँटकरांचं. डबा बाजूला ठेवा, टॉर्च घ्या आणि टायरच्या कडेवर काय लिहिलंय ते वाचा. ‘एम+एस’ (मड अँड स्नो) आहे का? तीन सुळक्यांच्या डोंगरात हिमकण, असं चित्र आहे का? कॅलिफोर्नियात ‘एम+एस’ लिहिलेला आणि नक्षी निदान ६/३२ इंच शिल्लक असलेला टायर स्नो टायर म्हणून धरतात. पण १८ इंची रिमवर पुष्कळदा उन्हाळी टायर येतात, आणि त्यावर यातलं काहीच नसतं. अशा टायरचं रबर ७ सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. उणे ७ च्या आसपास तर गाडी जागची हलवू नका, रबराला तडे जातील, असं काही टायर कंपन्याच सांगतात. जानेवारीत ट्रकीला पहाटे त्याहून खाली पारा उतरणं रोजचं आहे. म्हणजे गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये नुसती उभी राहिली तरी सकाळी प्रश्न आहेच.

चेनचं त्याहून अवघड. डब्यावर साइज छापलेली असते ती टायरची. तुमच्या गाडीत त्या टायरभोवती जागा किती आहे, ते डब्याला माहीत नसतं. कमी जागेच्या गाड्यांसाठी ‘क्लास एस’ म्हणून वर्ग आहे. त्याचा हिशेब असा की टायरच्या वर निदान ३७ मिलिमीटर आणि आतल्या कडेला निदान १५ मिलिमीटर मोकळं हवं. चपट्या रुंद टायरच्या गाडीत आतले ते १५ मिळतातच असं नाही. हाताने बघा: स्टिअरिंग पूर्ण वळवा, चाकाच्या मागे हात घाला, टायर आणि शॉकॅब्सॉर्बरच्या मध्ये बोट जातं का बघा. त्या फटीच्या शेजारीच ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर जाते. चेनचा एखादा सैल तुकडा फिरायला लागला की पहिला मार त्यांना. शिवाय बाहेरून टायरची भिंत इतकी बुटकी की चेनची दोरी रिमच्या काठावर घासते.

मॅन्युअलमध्ये ‘स्नो चेन’ शोधा. कुठल्या साइजवर लावायची आणि कडी किती मिलिमीटरची, हे तिथे लिहिलेलं असतं. त्यात तुमची साइज नसेल तर विषय संपला, दुकानातला मुलगा काही म्हणो.

---

प्रेषक: फ्रीमाँटकर

दादा, टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेलो. शेजाऱ्याला वाटलं मी काहीतरी हरवलंय. ‘एम+एस’ नाही, डोंगर नाही, हिमकण नाही. आणि मॅन्युअलमध्ये चेनसाठी फक्त २०५/५५ आर १६ दिलंय, तेही बारीक कड्यांची चेन आणि फक्त पुढच्या चाकांना. १८ इंचीसमोर स्पष्ट नाही म्हटलंय.

म्हणजे आता १६ ची चाकं घ्यायची? गाडी बुटकी नाही का होणार? स्पीडोमीटर चुकेल ना? आणि चेनऐवजी टायरला घालायचे ते कापडी मोजे मिळतात, ते चालतील का? बाबा म्हणतात स्टेपनी तरी धड आहे का बघ. ती सायकलच्या चाकाएवढी आहे.

---

प्रेषक: रॉकलिनचा दादा

गाडी बुटकी होत नाही, हेच तर त्यातलं गणित. २२५/४० आर १८ म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, रबराची उंची त्याच्या ४० टक्के, ९० मिलिमीटर, आणि रिम १८ इंची. १८ इंच म्हणजे ४५७.२, त्यात दोन्हीकडचे ९० मिळवा, एकूण ६३७.२. आता २०५/५५ आर १६: रबर ११२.७५, रिम ४०६.४, एकूण ६३१.९. साडेसहाशेच्या आतल्या चाकात फरक पाच मिलिमीटरचा, एक टक्कासुद्धा नाही. स्पीडोमीटरला पत्ताही लागणार नाही. पण रबर जवळपास २३ मिलिमीटरने उंच झालं आणि टायर २० मिलिमीटरने अरुंद. त्याच अरुंदपणामुळे चेनला आत जागा मिळते. बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात चाक गेलं तर उंच रबर मार झेलतं. चपट्या टायरमध्ये तो मार थेट रिमवर, एकतर रिम वाकते नाहीतर टायरला फुगा येतो.

घेताना चार गोष्टी बघा. तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून १६ ची रिम फिरते ना, हे पहिलं. याच मॉडेलच्या जास्त ताकदीच्या आवृत्त्यांना मोठे ब्रेक असतात, त्यांना १७ शिवाय गत्यंतर नसतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये १६ दिलंय तेव्हा बसायला हरकत नसावी, तरी दुकानात एक चाक चढवून हाताने फिरवून बघा. दुसरं, भार. टायरवर साइजच्या शेवटी ९१ वगैरे आकडा असतो, ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. गाडीच्या दारातल्या स्टिकरशी ताडून घ्या. तिसरं, बोल्ट. जर्मन गाड्यांच्या मूळ बोल्टचं बूड पुष्कळदा गोल असतं, बाहेरच्या रिमना शंकूच्या आकाराचं लागतं. दोन्ही एकाच भोकात जातात आणि दोन्ही घट्ट झाल्यासारखे वाटतात. पण चुकीचा बोल्ट नुसता कडेवर टेकलेला असतो आणि पुढे सैल होतो. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी ठेवून बघितल्याशिवाय चाक चढवू देऊ नका. चौथं, हवेचे सेन्सर. जुन्या चाकांत असतील आणि नव्या चाकांत घातले नाहीत तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून राहील. त्याने गाडी अडत नाही, पण हवा खरंच उतरली तर कळायचं नाही.

आणि टायर चारही बदला. पैसे वाचवायला फक्त पुढे विंटर टायर घालणारे महाभाग आहेत. पुढचं चाक धरतं, मागचं सुटतं, आणि उतारावरच्या वळणाला गाडीची शेपटी पुढे यायला बघते.

कापडी मोजे: कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याच्या कलम ६०५ मध्ये बसणारं साधन असेल तर चालतं. जागा कमी असलेल्या गाडीला ते बरे, आत फार काही लागत नाही. पण कोरड्या डांबरावर लवकर फाटतात, आणि नाक्यावर थोडा बर्फ, थोडं डांबर असाच रस्ता असतो. बोल्टला धरून बाहेरूनच बसणाऱ्या चेनही येतात, त्या महाग. चाकं बदललीत की साधी बारीक चेन पुरते.

बाबांचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. त्या बारक्या स्टेपनीवर चेन लावायची नसते. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं एक चांगलं चाक काढून पुढे लावायचं, स्टेपनी मागे, आणि चेन पुढच्या दोन चांगल्या चाकांवर. बर्फात दोनदा जॅक लावावा लागतो, इलाज नाही.

---

प्रेषक: मिलपिटासची ताई

दादांनी चाकाचं सांगितलं, मी बाकीचं सांगते, कारण नाक्यावर पुरुष मंडळी चेनचा गुंता सोडवत असताना आम्ही गाडीत बसून बघत असतो.

चेन घरी लावून बघ. दोनदा. कोरड्या पार्किंगमध्ये, सूचनांचा कागद हातात धरून. अंधारात, वारा असताना, शेजारून ट्रक चिखल उडवत असताना पहिल्यांदा डबा उघडू नको. डोक्याला लावायचा दिवा, रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली टाकायला जुनी योगा मॅट हवीच. पॅकिंगचा पुठ्ठा पाच मिनिटांत भिजतो. लावून झाल्यावर थोडं पुढे जाऊन थांबायचं आणि परत ताणायची, ती पहिल्यांदा नेहमी सैलच बसते. जमलंच नाही तर नाक्यावर चेन लावून देणारे लोक असतात. त्यांची पावती घे, बिल्ल्याचा नंबर त्यावर लिहून ठेव. ते चेन लावतात, विकत किंवा भाड्याने देत नाहीत. तेव्हा मोकळ्या हाताने जाऊ नको.

काच धुवायचं निळं पाणी बदल. बे एरियात जे मिळतं त्यात अल्कोहोल नावाला असतं, राज्याचा नियमच तसा आहे. वर डोंगरात नियम वेगळा, तिथे खरं न गोठणारं मिळतं. पण आधी टाकीतलं संपव. खालचं पाणी राहिलं तर पंपातच बर्फ होतो. पुढच्या ट्रकने मिठाचा चिखल काचेवर मारला आणि पाणी येईना, तर काही दिसत नाही.

हवा: तापमान १० फॅरनहाइटने उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने उतरते. फ्रीमाँटला दुपारी ६० फॅरनहाइट असताना भरलीस आणि ट्रकीला सकाळी १० असेल, तर पाच पीएसआय गेली. तिथे सकाळी, गाडी हलवण्याआधी मोज.

टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको. २०२४ च्या मार्चमध्ये आय-८० बंद झाला तेव्हा लोक रस्त्यात तासन्‌तास अडकले होते. आई-बाबांची औषधं मागे डिकीत नाही, हातात. पाणी, दशम्या, ब्लँकेट. कोणता रस्ता चालू, कोणता बंद ते दाखवणारं कॅलट्रान्सचं क्विकमॅप निघण्याआधी बघ, आणि फोनमधला नकाशा ‘जवळचा रस्ता’ म्हणून गल्लीबोळातून वर न्यायला लागला तर ऐकू नको. मोठा रस्ता बंद असेल तर छोट्या रस्त्यावरचा बर्फ कोण काढणार?

---

प्रेषक: सॅन होजेवाला

ठीक आहे, एसयूव्ही मागे घेतो. पण एवढं सगळं एका वीकेंडसाठी? चाकांच्या पैशात सगळ्यांना ट्रेनने नेता येईल.

---

प्रेषक: रॉकलिनचा दादा

ट्रेन खरंच वाईट नाही. एमरीव्हिलहून कॅलिफोर्निया झेफिर ट्रकीला थांबते. मात्र दिवसाला एकच, आणि लाँग वीकेंडची तिकिटं आधीच संपतात. फक्त बर्फ बघायचा असेल तर बाबांना खिडकीतून डॉनर लेक फार छान दिसेल. दरवर्षी जायचा विचार असेल तर मात्र चाकं घ्या. एकदाच घ्यायची आहेत आणि तेवढे महिने १८ चे टायर झिजत नाहीत.

गाडीने गेलात तर चेनवर ताशी ३० मैलांच्या पुढे जायचं नाही. नाक्यावर २५ लिहिलं असेल तर २५. डॉनर समिटच्या घाटमाथ्याला रस्ता ७,२३९ फुटांवर जातो आणि खरी परीक्षा पलीकडच्या उतारावर असते. आपल्याकडे घाटात ड्रायव्हर सांगायचे ना, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. ऑटोमॅटिकमध्येही गिअर हाताने खाली घेता येतो, तो घ्या. चेन पुढच्या चाकांना आहे आणि मागची मोकळी आहेत, हे ब्रेक मारताना लक्षात असू द्या. डांबर दिसायला लागलं की सुरक्षित जागी थांबून चेन काढा.

नवी चाकं चढवल्यावर पन्नासेक मैलांनी बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे असतात. फ्रीमाँटहून रॉकलिन शंभराच्या वर आहे, त्यामुळे शुक्रवारी निघण्याआधीच गावात तेवढी गाडी फिरवून दुकानात तपासून घ्या. वाटेत माझ्याकडे पुन्हा एकदा बघू, पाना आहे. चहा होईल, आणि पुढे वाटेतल्या कोलफॅक्सला काय चाललंय ते बघून वर जायचं की इथेच मुक्काम करायचा ते ठरवू. वरची खोली रिकामी आहे.