मदत हवी आहे: पेप्टाइड जिवाणू मारतं, पण तांबड्या रक्तपेशीही फोडतं

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जिवाणूनाशक पेप्टाइडवर (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवर) काम करते आहे. रचना साधी आहे: १४ अमिनो आम्लं, त्यातली ६ लायसिन (धनभारित), ८ ल्युसिन (जलविरोधी). क्रम असा: ल्यु-लाय-लाय-ल्यु-ल्यु-लाय-ल्यु-ल्यु-लाय-लाय-ल्यु-ल्यु-लाय-ल्यु, शेवटी अमाइड. साखळीचं सर्पिल (हेलिक्स) तयार झालं की एका अंगाला सगळी लायसिन येतात, दुसऱ्या अंगाला सगळी ल्युसिन. ई. कोलाय जिवाणूवर एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) छान येते. पण जवळपास त्याच मात्रेला धुतलेल्या तांबड्या रक्तपेशीही फुटतात.

पाठ्यपुस्तकातलं कारण माहीत आहे. जिवाणूच्या पटलात (पेशीच्या बाह्य आवरणात) फॉस्फेटिडिलग्लिसेरॉल आणि कार्डिओलिपिन ही ऋणभारित लिपिडं असतात, ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंत वरून एलपीएसचा (लिपोपॉलिसॅकराइडचा) ऋणभारित थर, म्हणून धनभारित पेप्टाइड तिकडे ओढलं जातं. आपल्या पेशींच्या बाहेरच्या थरात मुख्यतः फॉस्फेटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन, म्हणजे निव्वळ भार शून्य. फॉस्फेटिडिलसेरीन आतल्या बाजूला. शिवाय कोलेस्टेरॉलमुळे पटल घट्ट राहतं.

मग माझं पेप्टाइड रक्तपेशीत शिरतं कसं? मला वाटतं, गडबड भारात नसून ल्युसिनच्या अंगात आहे. भार पेप्टाइडला पटलापर्यंत नेतो, आत घुसवतो तो जलविरोधी भाग. तो फार तगडा झाला की ऋणभाराची गरजच उरत नसावी. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन धनभारित असूनही रक्तपेशी फोडतं. उलट मायकेल झासलॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकन बेडकाच्या त्वचेतून शोधलेलं २३ अमिनो आम्लांचं मॅगेनिन जिवाणू मारणाऱ्या मात्रेत रक्तपेशींना फारसं शिवत नाही.

आता अडलेली गोष्ट. जलविरोधी अंगाच्या मधोमध एकच लायसिन बसवलं की रक्तपेशी फुटणं खूप कमी होतं, हे २६ अमिनो आम्लांच्या एका सर्पिल पेप्टाइडमध्ये दिसलेलं आहे. सर्पिल-चक्र (सर्पिलाकडे टोकाकडून पाहिल्यावर कुठलं अमिनो आम्ल कुठल्या कोनात येतं त्याची आकृती) काढलं तर माझ्याकडे ४, ८ आणि ११ व्या क्रमांकाची ल्युसिन त्या मध्याजवळ येतात. कोनाने ४ सगळ्यात नेमकं, पण ते टोकाकडे आहे. ८ लांबीच्या मध्यावर आहे, मात्र कोनात थोडं बाजूला. कुठलं बदलू? १४ च्या लांबीत ८ वं बदललं तर जिवाणूवरचा परिणामही जाईल का, ही खरी भीती आहे. दुसरा मार्ग दोन-तीन ल्युसिन डी-रूपात (नेहमीच्या एल-रूपाच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या रूपात) घेण्याचा. त्याने सर्पिल मोडतं, प्रोटिएजपासून (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांपासून) थोडं संरक्षणही मिळतं, पण खर्च वाढतो. एकच नवीन पेप्टाइड मागवता येणार आहे, म्हणून विचारते.

आणखी एक शंका. रक्तपेशीच्या पृष्ठभागावर सियालिक आम्लाचा (शर्करा-साखळ्यांच्या टोकांवरच्या आम्लाचा) बराच ऋणभार असतो. फॉस्फेटिडिलकोलीन-कोलेस्टेरॉलच्या लिपोसोममध्ये (प्रयोगासाठी बनवलेल्या लिपिडांच्या पोकळ गोळ्यांत) तो नसतो, आणि तिथे माझं पेप्टाइड निवडक दिसतं! हा भार पेप्टाइडला पटलाजवळ आणतो, की बाहेरच अडकवून ठेवतो? सियालिडेज (सियालिक आम्ल कापून काढणारं विकर) वापरून रक्तपेशींची तुलना कुणी केली आहे का?

एमआयसी म्युलर-हिंटन या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात घेतली आहे, रक्तपेशींची चाचणी पीबीएस या क्षारयुक्त बफरमध्ये. माध्यमातले कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि क्षार वेगळे असताना या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढून निवडकपणा सांगणं मला पटत नाही. तुमच्या प्रयोगशाळेत दोन्ही चाचण्या एकाच माध्यमात करता का? करत असाल तर कुठल्या?