थांब्याचा आयडी कायम ठेवावा
बसच्या वेळापत्रकाचा डेटा तयार करताना थांब्याचे नाव हीच त्याची ओळख मानावी, अशी सूचना इथे आली आहे; ती मला पटत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या थांब्यांचे नाव बहुधा एकच असते. जीटीएफएसमध्ये, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रके ॲपना पुरवण्याच्या प्रमाणित डेटा-स्वरूपात, मात्र त्यांना वेगवेगळे स्टॉप आयडी (डेटामधील थांब्याचे ओळखचिन्ह) द्यावे लागतात, कारण वेळांच्या फाइलमधील ओळ त्या आयडीवरूनच थांब्याशी जोडली जाते, आणि तो चुकला तर प्रवासी नेमका उलट्या बाजूला उभा राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, थांबा तोच असेल तर नवे वेळापत्रक काढताना आयडी मुळीच बदलू नये. अन्यथा ॲपमध्ये जतन केलेले थांबे आणि थेट आगमनवेळांची जोडणी तुटते. फलकावर छापायचा क्रमांक स्टॉप कोडच्या स्वतंत्र रकान्यात द्यावा.