व्हॅनमधलं मशीन: साधं म्हणजे मागास का?

गालिचेवाला
परवा इथेच गालिचे धुण्याच्या मशीनबद्दल एकाने लिहिलं, 'ज्यांना पडद्यावरचे आकडे झेपत नाहीत तेच अजून पट्ट्यावर चालणारी मशीनं घेतात.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

नवीन व्हॅनसाठी मशीन बघायला गेलो होतो. तेच आपलं, पंप गरम पाणी गालिच्यात मारतो आणि इंजिनवर फिरणारा ब्लोअर मळकं पाणी टाकीत ओढून घेतो. विक्रेता कौतुकाने पडदा दाखवत होता, मी गुडघ्यावर बसून पंपाच्या तेलाचा बूच शोधत होतो. सापडला. ब्लोअरच्या मागे, चौकटीच्या आडव्या पट्टीखाली. तिथे पाना पाव वळसासुद्धा फिरत नाही. विचारलं, तेल काढायचं कसं? म्हणे, 'मशीन थोडं पुढे ओढून घ्यायचं.' तीनेकशे किलोचं धूड, थोडं पुढे!

मी पाच जागा बघतो: पंपाचं तेल, ब्लोअरचं तेल, बेअरिंगचे ग्रीस निप्पल, पट्ट्याचा ताण आणि पाण्याची जाळी. मशीन जागचं न हलवता पाचही ठिकाणी हात पोचला तर पुढचं बोलू. पट्टा, ओ-रिंग, पंपाचे सील हे यंत्रांच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळायला हवेत. बाकी रंग कुठलाही चालेल.

वाफारा
'एकाने' कशाला, सरळ नाव घ्या की. मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो.

पाणी संपलं, इंजिन तापलं, टाकी भरली, तर माझं मशीन आपण होऊन बंद पडतं आणि का पडलं तेही सांगतं. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर वॉन्ड (पाणी मारून परत ओढून घेणारा दांडा) ओढत असताना खाली काय जळतंय हे तुम्हाला वासावरून कळतं. राहिला पट्टा. माझं सरळ कपलिंग आहे, इंजिन ब्लोअरला थेट जोडलेलं. मुळात पट्टाच नाही, तर तुटणार काय?

नट_बोल्ट
कपलिंगमधला रबर झिजला की इंजिन आणि ब्लोअर एकमेकांपासून सोडवावे लागतात, ते कोण सांगणार? पट्टा मी वीस मिनिटांत बदलतो, तोही शिव्या देत देत.

माझ्याकडेही होतं पडदेवालं. एक दिवस चालूच होईना. इंजिन ठणठणीत, ब्लोअर ठणठणीत, कंट्रोलची पेटी म्हणते नाही. तापमानाच्या सेन्सरची पिन वाफेने हिरवी पडली होती. नवा सेन्सर यायला अकरा दिवस. अकरा दिवस मी चांगल्या मशीनकडे बघत बसलो.

आणि पाण्याच्या दाबाच्या काट्याला नावं ठेवू नका. ट्रिगर दाबल्यावर ४०० वर काटा थरथरायला लागला की मी ओळखतो, एकतर चेक व्हॉल्व्हमध्ये (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेत) कचरा आहे नाहीतर पंप हवा खातोय. पडद्यावर नुसतं ३९०, ४१०, ३९०. त्यातून काय समजायचं?

वाफारा
पट्टा जादा ठेवता ना व्हॅनमध्ये? मग सेन्सर का नाही ठेवला? तुमचे अकरा दिवस मशीनमुळे नाही गेले, आळसाने गेले.

नट_बोल्ट
कुठला कुठला ठेवू? सेन्सरच नऊ आहेत!

क्षारपीडित
जड पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पडदा असो वा काटा, दोघांचेही पाणी तापवणारे एक्स्चेंजर क्षाराने तुंबणारच. चालू द्या.

कोरडीताई
माझं मशीन तुमच्या पाचही जागांत पास. तरी ब्लोअर गेला. कशाने? फेसाने!

आधी कोणीतरी त्या गालिच्यात शांपू ओतून तसाच वाळू दिला होता. गरम पाणी पडलं आणि सगळा जागा झाला. टाकीतला फ्लोट (टाकी भरली की ओढ थांबवणारा तरंगता भाग) पाण्यावर उचलला जातो, फेस मात्र त्याच्या अंगावरून पुढे निघून जातो. नळी गुंडाळायला खाली आले तर ब्लोअरच्या सायलेन्सरमधून फुगे उडत होते. दोन पोरं टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली, पट्टा किंचाळला, ब्लोअर जागचा हलेना. साधेपणा कुठे गेला तेव्हा?

ओलाचिंब
ताई, मी शांपूवाला. सगळं आमच्यावर ढकलू नका. तुमच्यासारखेच लोक आमच्या नंतर जाऊन 'अरेरे, किती साबण' म्हणत गिऱ्हाइकाला घाबरवतात. फेस मारणारा डिफोमर टाकला होता का टाकीत?

कोरडीताई
टाकला होता. तुमच्या शांपूपुढे तो काय करणार बिचारा?

ओलाचिंब
आणि तुम्ही लोक गालिचे दोन दिवस ओले ठेवता त्याचं काय? खालचा मळ वर येतो, डाग परत उमटतात आणि गिऱ्हाईक मला फोन करतं.

तिरकस
ओलाचिंबने दुसऱ्याला ओलं म्हणावं! (ह. घ्या.)

गालिचेवाला
दोन दिवस ओला राहत असेल तर पाणी मारणारे जेट झिजलेत, किंवा वॉन्ड नुसता पाणी सोडत मागे येतोय, पाणी बंद करून नुसतं ओढायचा कोरडा हात मारतच नाहीत. गरम पाण्याचा काय दोष? असो. धागा मशीनचा आहे.

ओलाचिंब
मशीनचा कसला, माणसाचा आहे. वीस वर्षं ऐकतोय, शांपूचे चिकट अवशेष, चिकट अवशेष. प्रमाणात मिसळलं तर काही राहत नाही. आमच्यातलेही काही डोळे मिटून ओततात, हे मान्य. पण काहीच!

नट_बोल्ट
ताई, राग मानू नका. त्या संध्याकाळी ब्लोअरमध्ये तेल मारलं होतं? नळी काढून पाच मिनिटं कोरडा पळवला होता? आतल्या पात्यांमध्ये केसाएवढी फट असते. ओल राहिली की रात्रीत गंज धरतो आणि पाती चिकटतात.

कोरडीताई
नाही मारलं. रात्रीचे दहा वाजले होते, मुलगा पुढच्या सीटवर दप्तराला टेकून झोपला होता आणि मला घर गाठायचं होतं. झालं समाधान?

नट_बोल्ट
समाधान कसलं. माझाही पहिला ब्लोअर असाच गेलाय. सांगितलं नव्हतं इतकंच.

वाफारा
म्हणजे साध्या मशीनला रोज संध्याकाळी कोणीतरी लागतंच. माझं निदान आठवण तरी करून देतं.

नट_बोल्ट
आठवण करून देतं, तेल मारत नाही. ते तुम्ही मारता का?

वाफारा
...कधीकधी.

गालिचेवाला
पंपाचं तेल शेवटचं कधी बदललं?

वाफारा
तुमचा धागा वाचून काल बसलो होतो बदलायला. दोन तास गेले, एक नख गेलं. बूच कुठे आहे ते सांगत नाही.

गालिचेवाला
ब्लोअरच्या मागे?

वाफारा
आडव्या पट्टीखाली. घ्या, हसून घ्या. पण पडद्याबद्दलचं माझं मत तेच आहे.

तिरकस
पडद्यावर दाखवलं नाही का, बूच कुठे ते?

क्षारपीडित
क्षार, लोकहो, क्षार.

ओलाचिंब
ते राहू द्या. ताई, डिफोमर पावडरचा होता की पातळ? टाकीत नुसता टाकून चालत नाही, पातळ असेल तर नळीतून थोडा ओढून घ्यायचा, म्हणजे फेस वाटेतच बसतो. शांपूवाल्याचं ऐका एकदा.