पाच एकरांतला एक एकर घरासाठी काढावा का?

गिरणारेकर

नाशिक जिल्ह्याचा कांदा देशभर जातो, द्राक्षं कंटेनरमधून युरोपात जातात, आणि ज्याच्या मळ्यातून ती जातात त्याच्या घरी कोथिंबिरीची जुडीसुद्धा आठवडे बाजारातून येते. तूरडाळ पाकिटातली, तेल पिशवीतलं, गहू मध्य प्रदेशातला. पाच एकर बागायत असलेल्या घराची ही तऱ्हा मला पटत नाही. पाचातला एक एकर घरच्या खाण्यासाठी बाजूला काढा, आणि त्यासाठी लागणारं कसब पुन्हा हातात घ्या, एवढंच माझं म्हणणं. उरलेल्या चारांत लासलगावचा भाव बघून काय लावायचं ते लावा.

हिशेब सांगतो. पाच माणसांना वर्षाला साधारण 6 क्विंटल धान्य लागतं. विहिरीला पाणी असेल तर गहू एकरी 15 क्विंटल धरायला हरकत नाही, एकराचे गुंठे 40, म्हणजे 16 गुंठ्यांत वर्षाची पोळी निघते. तेलाचं गणित मात्र कोणी मांडतच नाही. महिन्याला 3 किलो धरलं तर वर्षाला 36. लाकडी घाण्यावर 100 किलो दाण्यांतून 40 किलोच्या आसपास तेल पडतं. म्हणजे 90 किलो दाणे, म्हणजे टरफलासकट 130 किलो शेंगा. खरिपात एकरी 6-7 क्विंटल शेंग धरली तर 8 गुंठे पुरे. पेंड गोठ्यात जाते, आणि ऑक्टोबरात भुईमूग निघाला की तेच रान गव्हाला मोकळं. तूर बांधाने आणि आंतरपीक म्हणून, मूग-उडीद दोन-दोन गुंठे, नेपियर गवत पाच-सहा गुंठे एका गायीच्या चाऱ्यापुरतं, भाजीपाल्याला दोन गुंठे.

‘प्रयोग परिवार’ ही शेतकऱ्यांची चळवळ चालवणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी तर 10 गुंठ्यांत पाच माणसांचं घर चालू शकतं असं मांडलं होतं. मी चौपट जागा मागतोय.

कसबाचं म्हणाल तर फार अवघड काही नाही. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने कोंब मोजायचे. 70 च्या खाली आले तर बी वाढवा नाहीतर बदला. याला खर्च शून्य, तरी कोणी करत नाही, आणि दुबार पेरणी आली की सगळे दुकानदाराच्या नावाने बोंबलतात. साठवणीचंही तसंच. दाणा दाताखाली कटकन तुटला तर कोठीत, चिकटला तर अजून दोन उन्हं. आपल्या आज्यांना हे यायचं. आपल्याला फक्त भावाचे मेसेज वाचता येतात.

निफाडचा मळेवाला

दादा, हिशेब कागदावर छान आहे. कॅलेंडर बघितलंय का? ऑक्टोबरात द्राक्षाची गोडीबार छाटणी, मग फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, नोव्हेंबरात डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, मग मण्यांची विरळणी. ढग आले की डावणी बुरशीच्या भीतीने रात्री फवारणी. गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, नेमका तोच. त्या पंधरवड्यात मी 16 गुंठे गव्हासाठी माणूस मोकळा ठेवू?

आणि गाय. एक गाय म्हणजे सकाळ-संध्याकाळ धार, 365 दिवस. लग्नाला गेलात तरी चारला परत. ती आटली की दोन-तीन महिने दूध विकतच. हौस असेल तर ठेवा, हिशेबात धरू नका.

दाभोळकरांचं नाव घेतलंत तर पुरतं सांगा. त्यांच्याच प्रयोग परिवारातून महाराष्ट्राच्या द्राक्ष बागायतदाराला वेलीचं शास्त्र कळलं. वेल कशी वाढते, पानाला ऊन किती, हे सगळं. त्या गणिताच्या प्राध्यापकाने शेतकऱ्याला बाजारातून बाहेर काढलं नाही, बाजारात उभं राहायला शिकवलं. माझा एक तास बागेत जेवढा कमावतो तेवढ्यात आठवड्याची भाजी येते. मग ती पिंपळगावातून आणली म्हणून मी अडाणी कसा?

गिरणारेकर

अडाणी म्हटलेलं नाही, अवलंबून म्हणतोय. 8 डिसेंबर 2023 आठवतो ना? कांद्याची निर्यातबंदी जाहीर झाली आणि भाव कोसळले. तेव्हा बाजारात होता लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत चार-पाच महिने टिकत नाही, येईल त्या भावाला काढावाच लागतो. बंदी उठली मे 2024 मध्ये. ज्याचा लाल कांदा डिसेंबरात गेला त्याला मे महिन्याचा काय उपयोग? अशा वर्षी घरात गहू, डाळ, तेल असेल तर निदान किराणा उधारीवर येत नाही. तासाला किती कमावता ते चांगल्या वर्षाचं गणित आहे.

सुरगाण्याचा

वाचून हसू आलं, रागावू नका.

तुम्ही म्हणता तसं आमच्याकडे आजही चालतं. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या रचून राब भाजायचा, पावसाला त्यात भाताचं आणि नागलीचं म्हणजे नाचणीचं रोप टाकायचं, मग जुलैत चिखलात लावणी. उतारावर वरई, उडीद, खुरासणी. खुरासणीचं तेल घरचं. कोंबड्या दारात. नागली तर अशी की नीट वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षं कीड लागत नाही, तुमच्या गव्हासारखे तिचे लाड करावे लागत नाहीत. बियाणं आम्ही कधी विकत आणलं नाही, कणसं निवडून चुलीवरच्या माळ्यावर टांगतो, धुराने पोरकिडे लागत नाहीत.

हे सगळं करूनही दिवाळी झाली की आम्ही तुमच्याकडे येतो. निफाडवाल्या दादांच्या डिपिंगला, दिंडोरीच्या विरळणीला. कारण पोटापुरतं घरात असतं पण दवाखान्याला, पोरांच्या शाळेला, मोबाइलला नागली चालत नाही. गिरणारेच्या नाक्यावर भल्या सकाळी कामाच्या शोधात उभी असलेली माणसं तुम्ही रोज बघत असाल. ती सगळी एक एकरवाली स्वयंपूर्ण माणसं आहेत.

निफाडचा मळेवाला

यापुढे मी काही बोलायची गरजच नाही.

गिरणारेकर

आहे. सुरगाण्याचे भाऊ म्हणतात ते खरं, पण त्यांच्याकडे तो एकच एकर आहे आणि डिसेंबरनंतर पाणी नाही. मी पाचातला एक म्हणतोय. रोकडीसाठी चार शिल्लक आहेतच. भाऊ, उलट तुम्हाला जे येतं ते आमच्यातल्या एकालाही येत नाही. माझा मुद्दा तिथेच आहे.

सुरगाण्याचा

मग नाक्यावर मजुरी ठरवताना ते येणं पण धरा.

इंदिरानगर

मी आयटीत आहे, शेतीची पार्श्वभूमी नाही. दाभोळकरांसारखं 10 गुंठ्यांत करून बघायचं आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला एक जण 5 गुंठ्यांचे प्लॉट ‘फार्म लाइफ’ म्हणून विकतोय. घ्यावा का?

सिन्नर जिरायती

थांबा साहेब. सातबारावर तुमचं किंवा घरच्या कोणाचं नाव आहे का? कुळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. शिवाय तुकडेबंदी, म्हणजे ठरल्यापेक्षा लहान तुकड्याची खरेदी होत नाही. 2023 च्या अधिसूचनेने मर्यादा खाली आली तीच मुळी बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे. मग हा 5 गुंठ्यांची खरेदी कशी करून देणार ते त्यालाच लेखी विचारा, आणि टोकन द्यायच्या आधी तलाठ्याला भेटा. टोमॅटो कुंडीतही येतात.

आता मूळ विषयावर. तुम्ही सगळे विहिरीला पाणी धरून बोलताय. इगतपुरीला 3000 मिलिमीटर पडतो, आमच्याकडे सिन्नर-येवल्याला 500 च्या आसपास. एकाच जिल्ह्यात दोन देश आहेत. आमचा घरचा एकर म्हणजे बाजरी, मटकी, हुलगे आणि चार शेळ्या. गहू हा आमच्याकडे पाहुण्यांचा.

कसबाबद्दल मात्र मला वेगळंच म्हणायचंय. जातं, कणगी, जीवामृत यावर सगळे भरभरून बोलतात. ज्या कसबावर खरंच पैसा वाचतो त्याचं कौतुक कोणी करत नाही. फूटव्हॉल्व्ह म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या टोकाची झडप गळतेय हे मोटारीच्या आवाजावरून ओळखता येतं का? स्टार्टरचा रिले का पडतो ते कळतं का? ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले तर आम्ल किती सोडायचं? आमच्या भागात वीज रात्रीच्या पाळीला येते आणि उसात बिबट्या असतो. वायरमन काय रात्री दोनला येणार आहे?

बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण घ्या. 100 लिटरला मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, हे सगळ्यांना पाठ. वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडी पिंपात नाही. मग तयार द्रावणात विळ्याचं पातं बुडवून बघायचं. तांबूस थर चढला तर अजून चुना लागणार, तसंच फवारलं तर पानं जळतील. शंभरातले किती जण पातं बुडवतात? निफाडच्या दादांनी सांगावं.

निफाडचा मळेवाला

मी बुडवतो. शेजारी तयार डबा आणतो आणि दुप्पट पैसे देतो. सिन्नरच्या भाऊंशी शंभर टक्के सहमत. शिकायचं तर जे पीक करतो त्याचं शिका.

सासुरवाशीण, आडगाव

एवढा वेळ वाचत होते. हिशेबात गुंठे आले, क्विंटल आले, गायीचा चारा आला. तूर ‘बांधाने’ म्हणून एका ओळीत उरकली. आता ती तूर ताटात कशी येते ते मी सांगते.

तूर निवडायची, रात्रभर भिजवायची. सकाळी उपसून लाल माती चोळायची आणि ढीग करून ठेवायची. मग गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं, पाखरं हाकत. माती झाडून जात्यावर भरडायची, सुपात पाखडून टरफल वेगळं करायचं, जी अख्खी राहिली ती परत जात्यात. डाळ, चुरी, कोंडा वेगवेगळं. हे करताना माझ्या सासूबाईंचे खांदे गेले. ज्याला आज ‘आपल्या आज्यांना यायचं’ म्हणून गौरवताय, ते त्यांना यायचं कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

शेंगा फोडणार कोण? 130 किलो. गहू वाळवून एरंडेल चोळून कोठीत कोण भरणार? पापड, कुरडया, मसाला मी मोजतही नाही. पुरुषांची शेती कोठीच्या दारापर्यंत येऊन संपते, पुढचं सगळं ‘घरचं’ होतं आणि त्याला मजुरी नसते. निफाडवाल्या दादांनी स्वतःच्या तासाचा भाव लावला, छान केलं. आमच्या तासाचा भाव लावा आणि मग सांगा पाकिटातली डाळ महाग की स्वस्त.

गिरणारेकर

ताई, जात्यावर बसा असं माझं म्हणणं नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल आहे, गावात एक बसली तर हे काम यंत्राने होतं. शेंगा फोडायचं हातयंत्रही मिळतं. कोठीच्या पुढचं काम पुरुषांनी शिकावं हे मला मान्य आहे, मी स्वतः पाखडायला बसतो.

सासुरवाशीण, आडगाव

तुम्ही बसत असाल. धाग्यावरच्या बाकीच्यांनी हात वर करावेत.

बागलाणचा पाटकरी

हात खाली ठेवूनच लिहितो.

आमच्याकडे मोसम आणि आरमच्या काठाला फड बागायत आहे, धुळ्याकडे पांझरेवरही. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात हंगामी, एक पडीक, पुढच्या वर्षी फिरायचं. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला, त्याला मोबदला पिकातून. कोणाचं शेत बंधाऱ्याजवळ आहे म्हणून त्याला जास्त पाणी नाही. हे शेकडो वर्षं सरकारशिवाय चाललं, आता वरच्या धरणांनी आणि विहिरींनी बरंच मोडलं.

सांगायचं कारण, प्रत्येकाने आपापल्या एकरात गहू, तूर, गाय, घाणा सगळं करायचं ही कल्पनाच मला परकी वाटते. स्वयंपूर्ण कधी घर नव्हतं, गाव होतं. एकाकडे घाणा, एकाकडे बैल.

सिन्नर जिरायती

गाव स्वयंपूर्ण होतं म्हणताना बलुतं विसरू नका. कोणाच्या वाट्याला खळ्यावरचं पहिलं माप आलं आणि कोण खळ्याबाहेर पदर पसरून उभं राहिलं, त्याचीही नोंद ठेवा.

बागलाणचा पाटकरी

ठेवतो. मी पाणीवाटपाबद्दल बोललो, बलुत्याची भलामण केली नाही. माणसं जातीने बांधलेली नकोत, पण यंत्र सामाईक असायला काय हरकत आहे? दहा घरांत एक घाणा, एक डाळ मिल.

निफाडचा मळेवाला

असं असेल तर मी 8 गुंठे शेंग लावायला तयार आहे. पिशवीतल्या तेलापेक्षा घरचं बरं, आणि खरिपात बागेची कामं त्यातल्या त्यात कमी असतात. बांधाला तूर, ठीक. गहू नाही, गाय तर नाहीच. गहू मी सिन्नर-येवल्याचे सोडून कोणाकडूनही घेईन, त्यांच्याकडून बाजरी.

सुरगाण्याचा

आमच्याकडून नागली घ्या. पण मार्केटमध्ये व्यापारी देतो त्या भावाने नाही, तुम्ही शहरात ‘मिलेट’च्या पाकिटाला देता त्या भावाने.

सासुरवाशीण, आडगाव

डाळ मिल घ्यायचीच तर बायकांच्या बचत गटाच्या नावावर घ्या, आणि गिरणीसारखं किलोमागे भरडाईचे पैसे ठरवा, घरच्या तुरीलासुद्धा. गिरणारेकर दादा, तुमच्या एक एकराच्या हिशेबात हा खर्च कुठे बसतो ते एकदा मांडून दाखवा.