गाडीचा रस्ता आणि पार्किंग शेड : खर्चाचा अंदाज कसा बांधावा? (अनुभव धागा)

गोदाकाठ : घराच्या आवारात फरशी आणि वर पत्र्याची शेड करणाऱ्यांसाठी हा धागा. कृपया “एकूण इतके लाख लागले” असं लिहू नका. गावोगाव दर वेगळे, त्यामुळे त्याचा दुसऱ्याला उपयोग नाही. मापं आणि वजनं लिहा, दर ज्याचा त्याने लावावा. सोयीसाठी सगळ्यांनी 12 × 20 फूट जागा धरू. गाडीची जागा 2.5 × 5 मीटर मोजतात, पण दारं उघडून माणूस सुखाने उतरायचा तर 12 फूट रुंदी हवीच.

काळीमाती : पेव्हर ब्लॉकचा हिशोब. दाबलेला मुरूम 6 इंच, त्यावर खडी 4 इंच, मग कच (दगडाची बारीक चुरी) 2 इंच, वर 60 मिमीचे ब्लॉक. म्हणजे साडेचौदा इंच खोदाई. 240 चौरस फुटांना मुरूम 1.2 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) बसतो, पण दाबल्यावर तो खाली जातो म्हणून दीड ब्रास मागवा. खडी एक ब्रास, कच अर्धा ब्रास. गाडी रिकामी व्हायच्या आधी हौद्याची लांबी-रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजा, गुणाकाराला 100 ने भागा. तेच खरे ब्रास.

चाकाच्या रेषेत ब्लॉक खचतात त्याची कारणं दोनच : मुरूम एका दमात टाकून वरवर दाबलेला असतो, किंवा कडेला कर्ब (ब्लॉक अडवणारा कडेचा दगड) नसतो आणि कच बाजूला सरकतो. कर्बचे रनिंग फूट कोटेशनमध्ये वेगळे लिहून घ्या. काळ्या मातीत मात्र हे पुरत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. दीड-दोन फूट माती काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून दाबावा लागतो. मुरमाचा खर्च तिप्पट-चौपट होतो, पण इथे हात आखडला तर दोन पावसाळ्यांत सगळं उचकटावं लागेल.

सेंटरिंग : काँक्रीट करणार असाल तर 4 इंच जाडीला 80 घनफूट, म्हणजे 2.27 घनमीटर. एम-20 (काँक्रीटची प्रत) ला सिमेंट 18 पोती, वाळू 35 घनफूट, खडी 67 घनफूट. 8 मिमीची सळई दोन्ही दिशांना 8 इंचांवर धरली तर सुमारे 90 किलो. 10-12 फुटांवर सांधा हवाच. दुसऱ्या दिवशीच जाडीच्या पाव भाग खोल कटर मारा, उशीर केला तर तडा स्वतःची वाट काढतो. उतार 1:50, म्हणजे 20 फुटांत जवळपास 5 इंच. आणि जुन्या कोटेशनमध्ये सिमेंटवर 28 टक्के जीएसटी धरलेला असेल तर दुरुस्त करून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के आहे.

वेल्डिंग_सातारा : शेड कधीही चौरस फुटावर देऊ नका, किलोवर द्या. चौकोनी पाइपचे सहा खांब 80 × 80 × 3 मिमी : सुमारे 120 किलो. वरची चौकट 80 × 40 × 2 : 90 किलो. पर्लिन (पत्र्याखालचे आडवे पाइप) 40 × 40 × 2, पाच ओळी : 75 किलो. बेसप्लेट धरून 300 किलोच्या आसपास. वजनकाट्याची पावती मागा आणि पाइपची जाडी व्हर्नियरने बघा. 2 मिमीच्या जागी 1.6 आला तर वजन वीस टक्क्यांनी घटतं, आणि चौरस फुटाच्या दरात ते दिसतच नाही.

खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नका, जमिनीलगत गंजतो. फरशीच्या 6 इंच वर पेडेस्टल (काँक्रीटचा छोटा चौथरा) घेऊन त्यावर बोल्टने बसवा.

गोदाकाठ : दादा, पायाचा खड्डा किती धरायचा?

वेल्डिंग_सातारा : 2 × 2 × 2 फूट, सहाही खांबांना. लोक इथेच पैसे वाचवायला जातात म्हणून हिशोब देतो. वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी 39 मीटर प्रति सेकंद धरतात, मुंबई-नागपूरसाठी 44. पुण्याच्या वेगालाही चौरस मीटरमागे सुमारे 90 किलोचा दाब येतो. चारी बाजूंनी मोकळ्या शेडच्या 22 चौरस मीटर पत्र्याला तो दोन टनांपर्यंत वर उचलू शकतो. पत्र्यासकट शेडचं वजन सव्वाचारशे किलो! उरलेलं पायानेच धरायचं. असा एक पाया साधारण 540 किलोचा, सहांचे सव्वातीन टन. काँक्रीट 48 घनफूट. मुंबई-नागपूरकडे अडीच फूट खोल घ्या.

जांभा : कोकणात पत्र्याला 1:6 उतार हवा : 12 फुटांत 2 फूट, म्हणून पुढचे खांब 10 फूट आणि मागचे 8. समुद्राजवळ गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या. काळ्या पाइपवर रेड ऑक्साइडचे दोन हात दिले तरी वेल्डच्या जागी गंज फुटतो. पन्हळ आणि 110 मिमीचा उतरता पाइप कोटेशनमध्ये हमखास विसरतात. तासाला 100 मिमी पाऊस पडला तर या छपरावरून सव्वादोन हजार लिटर पाणी उतरतं. ते फरशीच्या कडेला पडलं तर कच धुऊन नेतं.

मोजपट्टी : दोन बाबी राहिल्या. रस्त्यापासून चढ 1:8 पेक्षा उभा नको. दीड फूट चढायला 12 फूट लांबी लागते, नाहीतर गाडीचं पोट घासतं. फाटकासमोर गटार असेल तर आधी 300 मिमीचा ह्यूम पाइप (काँक्रीटचा पाइप) टाका, मगच वर भराव. आणि साइड मार्जिनमध्ये (घराच्या बाजूला मोकळी सोडायची जागा) शेड येत असेल तर खांबांची ऑर्डर देण्याआधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नकाशा दाखवून परवानगीचं विचारा. परवानगीचं शुल्क आणि आर्किटेक्टची फी हीसुद्धा अंदाजपत्रकातली पहिली ओळ धरा.